छातीवरची मगर

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाविषयी एक परिपत्रक काढले. कचेरीत जीन्स आणि टी-शर्ट घालू नयेत, भडक रंगांचे व चित्रविचित्र नक्षीचे कपडे टाळावेत आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी, असा त्याचा मथितार्थ होता. मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांसाठी साधारण याच धर्तीवर आदेश काढला. जीन्स आणि टी-शर्ट तेथेही निषिद्धच ठरले. पुरुष शिक्षकांचा शर्ट पँटमध्ये खोचलेला असावा, इतक्या तपशिलापर्यंत शासनाचे लक्ष पोहोचले होते. त्यावर व्हायची ती चर्चा झाली. थोडी थट्टा झाली, थोडा संताप व्यक्त झाला. पण शासनाला नेमकी भीती कशाची वाटली, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

यातला शुक्रवारही मोठा गमतीचा आहे. १९९० नंतरच्या दशकात ॲलन सॉली या नावाने बाजारात आलेल्या कपड्यांनी शुक्रवारी कचेरीत सैलसर, रंगीत पोशाख घालण्याची टूम जाहिरातींच्या द्वारे आपल्या शहरांत रुजवली. आठवडाभर टाय बांधणाऱ्या साहेबाने शुक्रवारी तो सोडावा, ही मूळची अमेरिकन कल्पना. ज्या वारी कंपन्यांनी नोकरदाराला मोकळे केले, त्याच वारी शासनाने त्याला खादी नेसवली. दोघांनाही एक गोष्ट पक्की ठाऊक होती: माणूस काय घालतो यावरून तो कोण, हे लोक ठरवतात, आणि पोशाखावर ज्याचा अधिकार चालतो त्याचा थोडासा अधिकार माणसावरही चालतो.

जीन्सच्या वाट्याला आलेला हा उद्धटपणाचा लौकिक तिच्या कुळाशी मात्र जुळत नाही. ती कष्टकऱ्याची विजार. अमेरिकेच्या नेवाडा प्रांतातील रेनो या गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. मजुरांच्या विजारींचे खिसे वारंवार उसवतात, म्हणून त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले. ही युक्ती दुसरा कोणी उचलील या धास्तीने त्याने आपला कापडाचा व्यापारी, सॅन फ्रान्सिस्कोचा लिव्हाय स्ट्रॉस, याला भागीदार होण्याची गळ घातली आणि २० मे १८७३ रोजी दोघांच्या नावे एकस्व नोंदले गेले. पुढे एकस्वाची मुदत संपली आणि रिव्हेट ठोकण्यास सर्वांना मुभा मिळाली. तेव्हा आपली विजार ओळखू यावी म्हणून कंपनीने १९३६ मध्ये मागच्या खिशाला कापडाची एक इवलीशी लाल पट्टी शिवली. युक्तीची मालकी सरली, तेथे नावाची मालकी सुरू झाली. आजच्या साऱ्या ब्रँडांचा संसार या एका वाक्यात सामावलेला आहे.

या कपड्याशी आपला संबंध तसा जुना आहे. सतराव्या शतकापासून इंग्रजी लिखाणात ‘डंगरी’ नावाच्या जाड्याभरड्या सुती कापडाचा उल्लेख सापडतो. मुंबईच्या डोंगरी भागावरून ते नाव पडले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. खलाशी आणि मजूर यांच्या अंगावरचे ते कापड. इंग्रजीत ‘डंगरीज’ हा शब्द आजही कामकऱ्यांच्या विजारीसाठी वापरला जातो. जीन्सचा निळा रंगही मूळचा निळीच्या शेतांतला. त्या निळीसाठी बंगालच्या रयतेने १८५९ साली बंड केले आणि १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले. १८९७ पासून जर्मन कारखान्यांतली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि शेतातल्या निळीचे दिवस सरू लागले. मजुराचे कापड, रयतेच्या घामाची नीळ. हे सगळे अंगावर घेऊन हिंडणारा पोशाख शंभर-सव्वाशे वर्षांनी शाळेच्या दारात ‘अशोभनीय’ म्हणून अडवला जातो, हा काळाचा महिमा म्हणायचा.

तो महिमा बहुतांशी चित्रपटाचा आहे. १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोने आणि १९५५ मध्ये जेम्स डीनने पडद्यावर जीन्स घातली आणि मजुराची विजार बंडखोर तरुणाची झाली. अमेरिकेतील काही शाळांनी तेव्हाच तिच्यावर बंदी घातली. बंदीने तिचा खप वाढला असणार, यात नवल नाही.

मगर बाहेर येते

कपड्यावर नाव असणे ही काही विसाव्या शतकाची देणगी नव्हे. मँचेस्टरहून मुंबईत येणाऱ्या ठाणांवर देवादिकांची रंगीत चित्रे चिकटवलेली असत. गिऱ्हाईक नाव वाचू शकत नसले तरी ‘छाप’ ओळखत असे. आपल्या गिरण्यांचे नाव कापडाच्या किनारीवर उमटवलेले असे आणि शिंपी ती किनार शिवणीत दडवून टाकी. शिंप्याची स्वतःची चिठ्ठी कॉलरच्या आत, मानेला टोचेल अशा जागी असे. ती घालणाऱ्याला आणि त्याच्या घरी कपडे धुणाऱ्याला तेवढी दिसे. नाव म्हणजे हमी, आणि हमी ही आत ठेवण्याची वस्तू आहे, असा तो काळ होता.

हे नाव छातीवर आणण्याचे श्रेय एका टेनिसपटूकडे जाते. रने लाकोस्त हा फ्रेंच खेळाडू विम्बल्डन दोनदा जिंकला, १९२५ आणि १९२८ मध्ये. मगरीच्या कातड्याच्या एका पेटीवरून लागलेल्या पैजेतून त्याला ‘मगर’ हे टोपणनाव मिळाले होते. लांब बाह्यांचे ताठ शर्ट घालून खेळण्याच्या त्या दिवसांत त्याने जाळीदार विणीचा, आखूड बाह्यांचा मऊ शर्ट वापरला आणि १९३३ मध्ये आंद्रे जिलिए या विणकाम-कारखानदाराबरोबर असे शर्ट विकण्याची कंपनी काढली. डाव्या छातीवर मगर शिवलेली होती. शर्ट खरोखरच चांगला होता, घाम टिपणारा आणि हात मोकळे ठेवणारा. पण बाजाराने शर्टापेक्षा मगरीचाच धडा अधिक गिरवला. पुढे घोड्यावरचा पोलो खेळाडू आला, बाकदार रेघ आली, तीन पट्टे आले. माणूस पैसे मोजून दुसऱ्याची जाहिरात आपल्या छातीवर मिरवू लागला. पूर्वी पाठी-पोटावर फलक बांधून बाजारातून फिरणाऱ्या माणसाला निदान मजुरी तरी मिळत असे.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने १८९९ मध्येच लिहून ठेवले होते की, सधन वर्ग वस्तू वापरतो त्यापेक्षा ती इतरांना दिसावी म्हणून अधिक विकत घेतो. त्याच्या डोळ्यांसमोर सधन वर्ग होता. आज हे दाखवणे ज्यांच्या खिशाला झेपत नाही त्यांच्यापर्यंत येऊन ठेपले आहे आणि फरक पडला आहे तो येथे.

कोणासाठी नाही, ते आधी

ब्रँडची प्रतिमा कशी घडवली जाते, याचे बोलके उदाहरण म्हणजे ॲबरक्रॉम्बी अँड फिच ही अमेरिकन कंपनी. १८९२ मध्ये न्यूयॉर्कला निघालेले हे दुकान शिकारीचे आणि रानावनातल्या भटकंतीचे साहित्य विकत असे. अर्नेस्ट हेमिंग्वे त्याच्या गिऱ्हाइकांपैकी एक. १९७६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. पुढे मालकी बदलली आणि १९९२ पासून माइक जेफ्रीज या अधिकाऱ्याने त्याच नावाखाली महाविद्यालयीन तरुणांचे साधे टी-शर्ट आणि जीन्स विकण्यास आरंभ केला. दुकानात अंधूक प्रकाश, कानठळ्या बसवणारे संगीत, सुगंधाचे फवारे, दारात उघड्या अंगाने उभे केलेले देखणे तरुण. विक्रेत्यांना विक्रेते म्हणत नसत, मॉडेल म्हणत. कापड इतर दुकानांतल्यासारखेच होते.

२००६ साली एका मुलाखतीत जेफ्रीज यांनी आपले धोरण लपवून ठेवले नाही. आमचे कपडे देखण्या आणि मित्रमंडळींत लोकप्रिय असलेल्या मुलामुलींसाठी आहेत. सर्वांना ते शोभत नाहीत आणि सर्वांना वगळूनच आम्ही चालतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ते निर्लज्ज होते हे खरे, पण खोटे मात्र नव्हते. इतर कंपन्या जे मनात ठेवून करतात ते त्यांनी बोलून दाखवले एवढेच. ज्याला सर्व जण विकत घेऊ शकतात त्या नावाला बाजारात चढी किंमत मिळत नाही. तेव्हा हा कपडा कोणासाठी नाही हे आधी ठरवावे लागते, आणि मग तो कोणासाठी आहे हे आपोआप ठरते.

वगळलेली माणसे अर्थात हाडामांसाची होती. कृष्णवर्णीय, लॅटिन व आशियाई वंशाच्या कर्मचाऱ्यांना दर्शनी भागातून हटवून मागच्या कोठारात कामाला लावले जाते, अशी फिर्याद २००३ मध्ये दाखल झाली आणि पुढच्या वर्षी कंपनीने सुमारे चार कोटी डॉलर देऊन तडजोड केली. २००८ मध्ये ओक्लाहोमा प्रांतात एका मुस्लिम तरुणीला डोईवरच्या रुमालामुळे नोकरी नाकारली गेली. ‘मॉडेल’च्या रूपात तो बसत नव्हता. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१५ मध्ये आठ विरुद्ध एक अशा मताने निकाल कंपनीच्या विरोधात लागला. तोवर विक्री घसरली होती आणि जेफ्रीज पायउतार झाले होते. पुढे कंपनीने दिवे लावले, संगीत मंद केले, मापे वाढवली आणि तिचा धंदा पुन्हा भरभराटीला आला. कोणी म्हणेल, तिला उपरती झाली. पण तिच्या आधी गिऱ्हाइकाला झाली, हे विसरता येत नाही.

उल्हासनगरची ‘यूएसए’

आपल्याकडे ही कथा वेगळ्या वळणाने गेली. जीन्सचे वेड सत्तरीच्या दशकात आले, तेव्हा परदेशी कपड्यांच्या आयातीवर बंधने होती. परदेशातून येणारा मामा, बंदरावरचा चोरटा माल किंवा उल्हासनगर, एवढेच मार्ग होते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत वसवलेल्या सिंधी निर्वासितांनी उभ्या केलेल्या या नगरीत वाटेल त्या नावाची वाटेल ती वस्तू तयार होई. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद महाराष्ट्रात ठाऊक नाही असा माणूस विरळा. हसणाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट येत नसे. ज्या लोकांचे घरदार, नाव, गाव सारे सीमेपलीकडे राहिले, त्यांना दुसऱ्याचे नाव शिवणे अवघड ते काय वाटणार? आणि त्यांची विजार फाटत असे अशी तक्रारही फारशी कोणी केली नाही.

१९८० मध्ये अरविंद मिल्सने ‘फ्लाइंग मशीन’ हे देशी नाव बाजारात आणले. त्याच गिरणीने १९९५ मध्ये केलेला ‘रफ अँड टफ’चा प्रयोग अधिक कल्पक होता. कापड, चेन, बटणे, रिव्हेट आणि मागे लावायची पट्टी असा सारा संच एका पाकिटात दोनशे रुपयांच्या आत मिळे आणि गावच्या शिंप्याकडून तो शिवून घ्यायचा. तालुक्याच्या शिंप्याच्या हातून ब्रँडेड जीन्स बाहेर पडत होती. जगाच्या पाठीवर इतरत्र ब्रँडने शिंप्याला हद्दपार केले. येथे काही काळ का होईना, त्याला सोबत घेतले. तो काळ टिकला नाही. तयार कपड्यांच्या लोंढ्यात शिंप्याकडे अल्टरेशनपुरते काम उरले आणि पँटची लांबी कमी करता करता त्याचे दुकानही आखडत गेले.

गिरणगावाचे काय झाले, हे सांगण्याची आवश्यकता नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या घरात कामगार उतरले आणि त्यांपैकी असंख्य जण परत कामावर चढलेच नाहीत. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीत पूर्वी कापड विणले जाई. आज त्याच आवारातल्या झगमगीत दुकानांत परदेशी नावांचे कपडे विकले जातात. आत फिरणाऱ्या तरुणांपैकी एखाद्याचे आजोबा तेथे साच्यावर उभे राहिले असतील. त्या नातवाने तेथला शर्ट घ्यावा की नाही, असा प्रश्न विचारणे सोपे आहे. पण त्याने काय घ्यावे हे त्याला सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

मध्यमवर्गीय उपदेश हमखास चुकतो तो याच ठिकाणी. कपड्यांत काय आहे, माणूस मनाने मोठा असावा, असे सांगणाऱ्याच्या अंगावर पिढ्यान् पिढ्या धड कपडे होते. ज्यांना ते घालू दिले नाहीत त्यांना कपड्यांत काय आहे ते पुरते ठाऊक आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि जातीची खूण पटवणारे दागिने टाकून देण्यास सांगितले, ते हौसेपोटी नव्हे. गावोगावच्या पुतळ्यांत बाबासाहेब सुटाबुटात उभे आहेत, तेही शिल्पकाराच्या लहरीमुळे नव्हे. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईला पंचा नेसला, कारण त्यांना अंगावरचे उतरवता येत होते. उतरवण्याचा मोठेपणा चढवण्याची मुभा असलेल्यालाच परवडतो. तेव्हा एखादा विद्यार्थी शिकवण्यांचे पैसे साठवून, किंवा फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून, ठळक नावाचा टी-शर्ट घेतो तेव्हा त्याला छचोर म्हणण्याची घाई करू नये. वर्गात आपल्याकडे पाहून कोणी हसू नये, एवढेच त्याला विकत घ्यायचे असते. त्याच्या शर्टावरचे स्पेलिंग चुकलेले आहे असे चारचौघांत दाखवून देणारा शिक्षक इंग्रजी शिकवत नसतो.

मात्र त्या विद्यार्थ्याची गरज खरी आहे म्हणून तिच्यावर चालणारा व्यापारही निर्दोष ठरत नाही. डेनिमचा ताणा निळा आणि बाणा पांढरा असतो. नीळ सुतात खोलवर न मुरता वरवर बसते, त्यामुळे वापराने ती झडते आणि गुडघे-मांड्यांवर पांढुरके चट्टे पडतात. ही कष्टाची खूण. ती कष्टावाचून हवी, अशी मागणी वाढली, तेव्हा नवी जीन्स कारखान्यात वाळूच्या फवाऱ्याने घासली जाऊ लागली. ती वाळू तुर्कस्तानातील कामगारांच्या फुप्फुसांत गेली आणि एरवी खाणकामगारांना होणारा सिलिकोसिस ऐन पंचविशीतल्या पोरांना जडला. तुर्कस्तानने २००९ मध्ये हा प्रकार बंद केला. लिव्हायज आणि एच अँड एम यांनी पुढच्या वर्षी तो सोडल्याचे जाहीर केले. इकडे जीन्स धुणाऱ्या कारखान्यांच्या रंगीत पाण्यापायी उल्हासनगरच्या वालधुनी नदीचे जे झाले त्याच्या तक्रारी न्यायासनापर्यंत गेल्या. विजार जुनी दिसावी यासाठी नदी आणि फुप्फुसे खर्ची घालणे, याला फॅशन या शब्दापेक्षा वेगळा शब्द शोधला पाहिजे.

अलीकडे वारे थोडे बदलले आहे. टाटांच्या ट्रेंट कंपनीने २०१६ पासून काढलेल्या झुडिओ या दुकानांत बहुतेक कपडे हजार रुपयांच्या आत मिळतात. जाहिरातींचा गाजावाजा जवळजवळ नाही आणि तरी जिल्ह्याच्या गावीसुद्धा तेथे सणासुदीला रांगा लागतात. नव्या तऱ्हेचा शर्ट कारकुनाच्या मुलाला आणि साहेबाच्या मुलाला एकाच मांडणीवरून उचलता यावा, हे काही लहान स्थित्यंतर नव्हे. वगळून मोठ्या होणाऱ्या नावांना हे परस्पर मिळालेले उत्तर आहे. आता कपडे इतक्या वेगाने बदलतात की ते विटण्याआधीच जुने होतात, आणि कपाटात मावेनासे झालेल्या कापडाचे करायचे काय हा नवा प्रश्न आहे. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

स्वस्त असो वा महाग, नावाच्या आड कोण बसले आहे हे गिऱ्हाइकाला कळत नाही, ही मूळ गोष्ट आहे. बेनेटन या इटालियन कंपनीने ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकांत ऑलिव्हिएरो टोस्कानी या छायाचित्रकाराकरवी ज्या जाहिराती केल्या त्यांत कपडे जवळपास नसतच. वेगवेगळ्या वर्णांची मुले गळ्यात गळा घालून उभी असत. १९९२ मध्ये तर एड्सने मरणासन्न झालेल्या तरुणाचे चित्र त्यांनी रस्तोरस्ती लावले. स्वेटर विकणारी कंपनी विश्वबंधुत्वाची प्रवक्ती झाली होती.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली, पण वरच्या मजल्यांवरील शिवणकामगारांना कामावर बोलावण्यात आले. अकराशेहून अधिक माणसे मेली, त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. तेथे कोणाकोणाचे कपडे शिवले जात होते, याची वाच्यता करण्यास अनेक कंपन्या तयार नव्हत्या. बेनेटननेही आरंभी संबंध नाकारला. तेव्हा कामगार संघटनांचे कार्यकर्ते आणि पत्रकार ढिगाऱ्यात उतरले आणि धुळीने माखलेल्या शर्टांच्या कॉलरी उलटून आतल्या चिठ्ठ्या वाचू लागले. त्या चिठ्ठ्या आणि मागणीचे कागद हाती आल्यावर बेनेटनने मान्य केले की आपला माल तेथे तयार झाला होता. नुकसानभरपाईच्या निधीत तिने अकरा लाख डॉलर भरले, ते २०१५ च्या एप्रिलमध्ये, दोन वर्षांनी.